तलाव आपला, पण नाल्याकाठच्या घरांचे काय?

पत्राचा सारांश: अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहणाऱ्या मराठी भगिनीचे हे पत्र आहे. त्यांच्या वसाहतीत 70 घरे असून मधोमध सुमारे 12 एकरांचा तलाव आहे. 1970 च्या दशकात विकासकाने केवळ नौकाविहार आणि मासेमारीसाठी नाल्यावर सुमारे 28 फूट उंचीचा मातीचा बांध घालून तो तयार केला, आणि आता तलाव व बांध दोन्ही घरमालकांच्या संघटनेच्या मालकीचे आहेत. या भगिनी यंदा संघटनेच्या कार्यकारिणीवर निवडून आल्या. अभियंत्याकडून बांधाची पाहणी करून घेतली, तेव्हा पाणी बाहेर नेणारी लोखंडी नळी गंजलेली असल्याचे, ती बाहेर पडते तिथे पायथा ओला राहत असल्याचे आणि कोरड्या, म्हणजे तलावाच्या विरुद्ध बाजूच्या उतारावर पाइनची मोठी झाडे वाढल्याचे आढळले. तलावातील मासे वाहून जाऊ नयेत म्हणून नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधलेली आहे आणि पाण्याची पातळी फूटभर वाढावी म्हणून आपत्कालीन सांडव्यात फळ्या लावलेल्या आहेत. दुरुस्तीचा अंदाज 5 लाख 60 हजार डॉलर, म्हणजे घरटी 8,000 डॉलर आहे. जुने सभासद म्हणतात की 50 वर्षांत काही झालेले नाही, राज्य सरकारने बांध दुसऱ्या वर्गात ठेवला आहे म्हणजे धोका नाही, आणि अहवाल सर्वांना वाटला तर उद्या जबाबदारी आपल्याच गळ्यात येईल. आपण बाहेरून आलेली माणसे असताना इथे अनेक वर्षे राहणाऱ्यांना काय सांगावे, असा संकोच त्यांना वाटतो. गप्प बसावे, आग्रह धरावा की घर विकून निघून जावे, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मांडलेले तिन्ही पर्याय तुमच्या कुटुंबाच्या आणि वसाहतीतील तुमच्या स्थानाच्या बाजूने पाहिलेले आहेत, आणि ते स्वाभाविक आहे. मात्र पत्राच्या अखेरीस तुम्ही जाता जाता लिहिले आहे की बांधाच्या खाली, नाल्याच्या दोन्ही काठांना, गेल्या काही वर्षांत नवी घरे झाली आहेत. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचा गाभा त्या वाक्यात आहे. तलावाचे सुख वरच्या 70 घरांना मिळते आणि सभेत मतही त्यांनाच आहे. बांध फुटला तर पाणी मात्र ज्या कुटुंबांनी हा तलाव कदाचित कधी पाहिलेलाही नाही त्यांच्या दारात जाईल. त्यांना या चर्चेत आवाज नाही. तेव्हा ‘मी काय करावे’ यापेक्षा ‘त्यांच्या वतीने या सभेत कोण बोलणार’ असा प्रश्न विचारला, तर बरेचसे उत्तर आपोआप सापडेल असे मला वाटते.

‘50 वर्षांत काही झाले नाही’ या युक्तिवादाकडे आधी पाहू, कारण तो सर्वांत पटण्यासारखा वाटतो. नीट निगा राखली तर मातीचा भराव पुष्कळ काळ टिकतो, हे खरे आहे. पण त्या भरावातून आरपार जाणारी पन्हाळीदार लोखंडी नळी तेवढी टिकत नाही. तिचे आयुष्य काही दशकांचेच असते, आणि 1970 च्या दशकात घातलेली नळी आज त्या आयुष्याच्या शेवटाशी आलेली असते. नळीला भोके पडली की आतले पाणी भरावात शिरते किंवा भरावाची माती नळीत ओढली जाते, आणि नळीच्या बाहेरच्या अंगाने पाझर सुरू होतो. हा पाझर मातीचे कण घेऊन बाहेर पडू लागला, की पायथ्याकडून तलावाच्या दिशेने मातीत एक पोकळ वाट तयार होत जाते. वरून हिरवळ जशीच्या तशी दिसते. मातीचे बांध फुटण्याची दोन प्रमुख कारणे म्हणजे माथ्यावरून पाणी वाहून जाणे आणि ही आतल्या आत होणारी झीज. तुमच्या अभियंत्याने नोंदवलेला नळीजवळचा ओलावा या दुसऱ्या कारणाकडे बोट दाखवतो. म्हणून गेलेली 50 वर्षे ही सुरक्षिततेची हमी नसून नळी बदलण्याची वेळ झाल्याची खूण आहे.

तुमच्याच राज्यातील एक घटना तुमच्या सभासदांपुढे मांडावी असे मला मनापासून वाटते. ईशान्य जॉर्जियातील टोकोआ या गावाजवळ, टोकोआ धबधब्याच्या वर, केली बार्न्स नावाचा एक छोटा मातीचा बांध होता. तो मुळात वीजनिर्मितीसाठी होता, 1957 मध्ये ती बंद झाली, आणि पुढची 20 वर्षे तो तलाव केवळ विहारासाठी उरला. 6 नोव्हेंबर 1977 रोजी, मुसळधार पावसानंतर, मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास तो फुटला आणि खालच्या बायबल महाविद्यालयाच्या परिसरात झोपेत असलेल्या 39 जणांचा जीव गेला. तपास करणाऱ्यांना एकच एक कारण सांगता आले नाही; कोरड्या बाजूचा अतिशय उभा उतार, त्यावरची घसरण आणि भरावातील पाझर यांचा एकत्रित परिणाम झाला असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या उतारावर झाडेही वाढलेली होती, आणि काही वर्षे आधी तिथे एकदा घसरण होऊनही गेली होती. 5 नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत त्या बांधाबद्दलही ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ असेच म्हणता आले असते. तुमच्या राज्याचा धरण सुरक्षितता कायदा 1978 मध्ये झाला तो या घटनेमुळे, आणि तुमचे सभासद ज्या वर्गवारीचा आधार घेतात ती वर्गवारी याच कायद्यातून आलेली आहे.

त्या वर्गवारीविषयी तुमच्या वसाहतीत मोठा गैरसमज दिसतो. दुसरा वर्ग म्हणजे चांगला बांध, असा तिचा अर्थ नाही. बांध मजबूत आहे की मोडकळीला आला आहे याच्याशी वर्गाचा काही संबंध नसतो. बांध फुटला तर खाली माणसे दगावण्याचा संभव आहे का, एवढेच त्यात पाहिले जाते. तसा संभव असेल तर पहिला वर्ग, नसेल तर दुसरा. पहिल्या वर्गातील बांधांना परवाना, तपासणी आणि ठरलेली मानके लागू होतात. दुसऱ्या वर्गातील बांधांची राज्याच्या यादीत नोंद राहते आणि खाली नवी वस्ती झाली आहे का, हे मधून मधून पाहिले जाते. याचा अर्थ असा की तुमचा बांध दुसऱ्या वर्गात टाकला गेला तेव्हा नाल्याकाठी घरे नव्हती. आज ती आहेत, आणि तिथे माणसे राहायला आली त्याच दिवशी बांधाचा धोका वाढला, कागदावरची नोंद काहीही म्हणो. राज्याला कळवल्यास खर्च वाढेल, ही तुमच्या सभासदांची भीती खोटी नाही. पहिल्या वर्गाच्या मानकांप्रमाणे सांडवा मोठा करावा लागू शकतो, आणि ते महाग काम असते. पण हा खर्च राज्याने लादलेला नाही, खाली वस्ती झाल्यामुळे तो आला आहे. आणि आज नळी बदलून उद्या पुन्हा सांडव्यासाठी बांध उकरण्यापेक्षा फेरवर्गीकरण आधी करून घेणे पैशाच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे.

आता जाळी आणि फळ्या. अहवालातील इतर बाबींपुढे या क्षुल्लक वाटतात, पण मला सर्वाधिक काळजी त्यांचीच वाटली. पेन्सिल्व्हेनियातील साउथ फोर्क धरण एका श्रीमंत क्लबच्या मालकीचे होते. पिट्सबर्गचे बडे उद्योगपती तिथे मासेमारीला आणि नौकाविहाराला येत. धरण क्लबकडे येण्यापूर्वीच्या एका मालकाने तळाशी असलेल्या पाणी सोडण्याच्या लोखंडी नळ्या काढून भंगारात विकल्या होत्या, आणि क्लबने त्या पुन्हा बसवल्या नाहीत. घोडागाड्या जाव्यात म्हणून धरणाचा माथा थोडा खाली उतरवला गेला, आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या गेल्या. 31 मे 1889 रोजी अतिवृष्टीत त्या जाळ्यांत काटक्या आणि पालापाचोळा अडकला, पाणी माथ्यावरून वाहू लागले, धरण फुटले आणि खालच्या जॉन्सटाउन शहरात 2,209 माणसे मृत्युमुखी पडली. यातला प्रत्येक बदल कोणाच्या तरी सोयीसाठी केलेला होता, आणि एकेकट्याने पाहिला तर निरुपद्रवी वाटावा असा होता. तुमच्याकडची जाळी त्याच हेतूने लागलेली आहे. फळ्यांनी पातळी फूटभर वाढली म्हणजे पुराचे पाणी सामावून घेणारी, पाणी आणि माथा यांच्यामधली मोकळी उंची फूटभर कमी झाली. आपत्कालीन सांडवा वर्षानुवर्षे कोरडा असतो, म्हणून लोक त्यात कुंपण घालतात, होड्या ठेवतात, झुडपे लावतात. आणि ज्या एका रात्री त्याची गरज पडते त्या रात्री तो बंद असतो.

अहवाल वाटला तर जबाबदारी गळ्यात येईल, हे म्हणणे उलटे आहे. बांधाची जबाबदारी मालकाची, म्हणजे संघटनेची, अहवालाच्या आधीपासूनच आहे. अहवाल आल्यामुळे फक्त एवढे बदलले की ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे आता कोणालाच म्हणता येणार नाही. तो दडवून ठेवला तर निष्काळजीपणात लपवाछपवीची भर पडेल. या विषयाची माहिती असलेल्या स्थानिक वकिलाचा सल्ला संघटनेने घ्यावा, आणि विमा पॉलिसीत धरण फुटल्याने खालच्या लोकांचे होणारे नुकसान धरलेले आहे की वगळलेले आहे, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. पुष्कळ संघटना हा प्रश्न कधी विचारतच नाहीत. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: सरकारी पूररेषेचे नकाशे सहसा धरणफुटीचे पाणी गृहीत धरत नाहीत. त्यामुळे नाल्याकाठच्या त्या कुटुंबांनी घर घेताना नकाशा पाहिला असला, तरी तुमचा बांध त्यात त्यांना दिसलाच नसेल.

मग नेमके काय करावे? बांध पूर्ण दुरुस्त होईपर्यंत धोका कमी करणे हे पहिले काम आहे, आणि त्याला सर्व पैसे जमण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अभियंत्याला विचारून फळ्या काढाव्यात, बारीक जाळीच्या जागी ओंडके अडतील पण पाणी अडणार नाही अशी रुंद गजांची जाळी बसवावी, आणि दुरुस्ती होईपर्यंत तलावाची पातळी काही फूट खाली ठेवावी. पातळी उतरवताना घाई करू नये. पाणी झपाट्याने ओसरले तर आत भिजलेला उतार तलावाच्या बाजूला घसरू शकतो, म्हणून दिवसाला फूटभर किंवा त्याहूनही कमी, असा संथ वेग अभियंते सांगतात. तळाची झडप अनेक वर्षे फिरवलेली नसेल तर ती जोर लावून उघडायचा प्रयत्न कोणा उत्साही सभासदाला करू देऊ नका. ती उघडून अडकली किंवा गंजलेली नळीच तुटली तर भलतेच संकट ओढवेल. बांधाच्या माथ्यावरून सायफनने पाणी काढण्याचा मार्ग अशा वेळी अधिक सुरक्षित असतो.

झाडांबाबतही तुमच्या सभासदांत दोन टोकांची मते दिसतात. ‘झाडांच्या मुळांनी माती धरून ठेवली आहे’ हे मत बांधाच्या बाबतीत चुकीचे आहे: वादळात मोठा पाइन उन्मळला तर मुळांसकट भरावाचा लचका निघतो, आणि झाड मेले तर कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाटा मिळतात. पण ‘उद्याच करवत लावू’ हेही बरोबर नाही, कारण झाड कापून मुळे तशीच ठेवली तर तीही कुजणारच. लहान रोपटी आणि झुडपे ताबडतोब काढून गवत लावावे; मोठ्या झाडांची मुळे काढणे आणि खड्डे योग्य मातीने थरांत दाबून भरणे हे मात्र अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे. मस्करॅट आणि बीव्हर या पाण्याकाठी राहणाऱ्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या बिळांचाही शोध घ्यावा. उतारावर गवत छाटलेले असावे, याचे मुख्य कारण दिसणे हे आहे. उंच झुडपांत ओलावा, भेग किंवा खचलेली जागा कोणाच्या नजरेसच पडत नाही.

देखरेखीसाठी दोन माणसे नेमा, शक्यतो कायमची तीच. त्यांनी महिन्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर बांधावरून आणि पायथ्याने चालत जावे, ठरलेल्या जागांवरून छायाचित्रे घ्यावीत, पाण्याची पातळी लिहावी, आणि पाझर एखाद्या भांड्यात धरून ते भरायला किती वेळ लागला याची नोंद ठेवावी. पाझर असणे हेच संकट नसते. मातीच्या बहुतेक बांधांतून थोडे पाणी झिरपतेच. तो वाढतो आहे का आणि पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे महत्त्वाचे. गढूळ पाणी, तलावात दिसणारा भोवरा, माथ्यावर नव्याने खचलेली जागा किंवा उतारावरची ताजी भेग दिसली, तर सभा बोलावण्याची वेळ नसते. बांधापासून दूर होऊन 911 या आपत्कालीन क्रमांकाला फोन करायचा, नाल्याकाठच्या घरांना कळवायचे, मग अभियंत्याला. त्यासाठी पाणी कुठवर जाईल याचा नकाशा आणि फोनची यादी आधीच तयार हवी. कायद्याने सक्ती असो वा नसो, ही आपत्कालीन योजना करून ती स्थानिक आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाला द्यावी. तलावातले पाणी आत घेणाऱ्या उभ्या नळीच्या तोंडाजवळ पावसात मोठी ओढ निर्माण होते, म्हणून मुलांना तिथे पोहू देऊ नये, हेही या निमित्ताने सांगून ठेवते.

पैशाचा प्रश्न खरा आहे. निवृत्त जोडप्याला 8,000 डॉलर एकदम देणे कठीण असते, आणि त्यांच्या विरोधाला हट्ट समजणे अन्यायाचे होईल. संघटनेने बँकेकडून कर्ज घेऊन वर्गणी काही वर्षांत विभागता येते का, बांधावरून सार्वजनिक रस्ता जात असल्यास काउंटी खर्चाचा वाटा उचलते का, याची चौकशी करावी. सरकारी अनुदान मिळाले तर उत्तमच, पण ते बहुधा खासगी बांधांपर्यंत सहज पोहोचत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर काम थांबवू नये. शिवाय दुरुस्ती हा एकच मार्ग नाही. बांध कायमचा कमी उंचीचा करून छोटा तलाव ठेवता येतो, किंवा परवानगी घेऊन आणि साचलेल्या गाळाची व्यवस्था करून बांध रीतसर काढून नाला पुन्हा वाहता करता येतो. तलाव गेला तर घरांच्या किमती उतरतील, हा आक्षेप येईल. त्यावर शेजारच्या साउथ कॅरोलायनाचे उदाहरण द्या: ऑक्टोबर 2015 च्या अतिवृष्टीत तिथे राज्याच्या देखरेखीखालचे सुमारे 50 बांध फुटले, त्यांत कोलंबिया शहराच्या परिसरातील तुमच्यासारख्याच वसाहतींचे तलाव होते, आणि खर्च कोणी करायचा यावर एकमत न झाल्याने काही तलाव पुढे कित्येक वर्षे कोरडेच राहिले. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदीत 90,000 हून अधिक धरणे आहेत, त्यांतील बहुसंख्य खासगी मालकीची आहेत, आणि विहार हा त्यांचा सर्वांत मोठा उपयोग आहे. तेव्हा तुमची वसाहत काही विलक्षण अडचणीत सापडलेली नाही. अशा अनेक संघटना याच वाटेने जात आहेत.

महाराष्ट्रात कृषी पर्यटन केंद्रासाठी किंवा फार्म हाउससाठी ओढ्यावर बांध घातलेल्या वाचकांनीही हे उत्तर आपल्यासाठी समजावे. आपल्याकडील 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच आणि काही अटींत बसणाऱ्या 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. म्हणजे तुमचा छोटा बांध बहुधा त्याच्या कक्षेबाहेर राहतो आणि त्याची तपासणी करायला कोणीही येणार नाही. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण सरकारी होते, तरी 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटण्यापूर्वी गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी केल्या होत्या. पायथ्याचा ओलावा सर्वांत आधी खाली राहणाऱ्यांच्या लक्षात येतो. त्यांचे ऐकण्याची सोय ठेवा, आणि पावसाळ्यापूर्वी सांडवा मोकळा करा.

आता तुमच्या संकोचाविषयी. तुम्ही घरमालक आहात, वर्गणी भरता, आणि सभासदांनीच तुम्हाला निवडून दिले आहे. ‘बाहेरून आलेली’ हे विशेषण या कामाला लागू पडत नाही. सभेत एकटीने उभे राहून सर्वांना चूक ठरवण्याचीही गरज नाही. अहवाल लिहिणाऱ्या अभियंत्यालाच बोलवा, सभासदांना त्याला प्रश्न विचारू द्या, आणि शक्य असेल तर सर्वांना एका सकाळी बांधाच्या पायथ्याशी घेऊन जा. ओली जागा स्वतःच्या बुटाखाली जाणवल्यावर काही मते बदलतात. ज्या ज्येष्ठ सभासदांनी इतकी वर्षे तलाव सांभाळला त्यांच्याकडे जुने आराखडे, विकासकाची कागदपत्रे, पूर्वीच्या पुरांच्या आठवणी असतील. त्या माहितीची अभियंत्याला फार मदत होते, आणि मागायला गेलात तर विरोधही थोडा सैल होईल.

घर विकण्याचा निर्णय तुमचा आहे आणि त्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही. मात्र अहवाल माहीत असताना तो न सांगता विकणे योग्य नाही, आणि कायद्यानेही ते अंगाशी येऊ शकते. त्याबाबत वकिलाला विचारूनच पुढे जा. माझा कल मात्र तुम्ही निदान या वर्षापुरते कार्यकारिणीवर राहावे असा आहे, कारण अहवाल समजून घेऊन त्याविषयी बोलण्याची तयारी असलेले माणूस सध्या तिथे दुसरे दिसत नाही.

पुढच्या सभेत सगळे एकाच ठरावात बांधू नका. फळ्या आणि बारीक जाळी काढणे, पातळी उतरवणे आणि दोन देखरेख करणारे नेमणे हा पहिला ठराव. त्याला जवळजवळ खर्च नाही, म्हणून त्याला विरोध करणे कठीण जाईल. राज्याच्या धरण सुरक्षितता विभागाला पत्र लिहून खालच्या नव्या घरांची माहिती देणे आणि फेरवर्गीकरण मागणे हा दुसरा. दुरुस्तीचा खर्च आणि पर्याय यांचा अभ्यास करण्यासाठी समिती हा तिसरा. तिसरा पुढे ढकलला गेला तरी पहिला त्याच दिवशी मंजूर करून घ्या. दुसरा फेटाळला गेला तर तुमचे मत इतिवृत्तात नोंदवून घ्या, आणि ते पत्र एक नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने पाठवा.